इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटरमध्ये एम.टेक. की परदेशात एम.एस.? घर गहाण टाकण्याआधी हे सगळं नीट वाचून घ्या

तालुका प्रतिनिधी

आता प्रत्येक गावात बी.ई. किंवा बी.टेक. झालेली दोन-चार पोरं-पोरी सापडतात. त्यातली बरीच इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटरची. डिग्री हातात आली की घरात पुढचा विषय निघतो. पोरगं म्हणतं एम.टेक. करतो, नाहीतर म्हणतं मित्र अमेरिकेला चाललाय, मीपण जातो. आई-वडिलांना दोन्हीतला फरक माहीत नसतो. त्यांच्या डोक्यात एकच सवाल असतो, अजून दोन वर्षं पैसे घालायचे कुठून?

मी स्वतः बारावी शिकलेला माणूस, सोयाबीन-तूर करणारा. पण आमच्या घरात हा प्रकार झालाय आणि त्यात आम्ही ठेचकाळलो. म्हणून गेले काही महिने माहिती गोळा केली, ती इथं एका जागी देतो. मोबाईलमध्ये जपून ठेवा, शेजाऱ्याच्या पोराला पाठवा.

आधी आमच्या घरचं सांगतो. पुतण्या इलेक्ट्रिकलचा बी.ई. त्यानं गेट परीक्षा दिली नव्हती. एका खाजगी कॉलेजातून फोन आला, "सीट आहे, या, महिन्याला सरकारी स्टायपेंडपण मिळतो." आम्ही कापूस विकून फी भरली. स्टायपेंड काही आला नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "गेट नाही ना तुमची." वर्गात सहा पोरं होती आणि प्रयोगशाळेला बहुतेक वेळ कुलूप. दोन वर्षांनी डिग्री मिळाली, पण नोकरी लागली ती बी.ई.च्या जोरावर. फोन करणारा माणूस अगदीच खोटं बोलला नव्हता. स्टायपेंड असतो, पण गेटवाल्यांना. हे एक वाक्य आम्हाला आधी कळलं असतं तर दोन वर्षांची फी वाचली असती.

हे शिक्षण नेमकं कशाचं?

आपल्याकडे इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम आणि कॉम्प्युटर या वेगवेगळ्या शाखा धरतात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर एकाच विभागात असतात, त्याला थोडक्यात ईसीई म्हणतात. पर्ड्यू, मिशिगन, जॉर्जिया टेक, कार्नेगी मेलन या विद्यापीठांची नावं पोरांच्या तोंडी असतात, ती याच विभागांमुळे.

दोन्ही एकत्र का, ते शेतातल्या सौर पंपावरून कळतं. पॅनेलमधून जी वीज येते ती डीसी, आणि पंपाची मोटर बहुतेक ठिकाणी थ्री फेज एसीवर चालणारी. मधे जो कंट्रोलरचा डबा आहे तो डीसीची एसी करतो. ऊन कमी-जास्त झालं की त्या घडीला पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज कशी निघेल ते त्या डब्यातली चिप सतत मोजत राहते आणि मोटरचा वेग त्याप्रमाणे बदलते. म्हणून सकाळी पाणी बारीक येतं आणि दुपारी दणकून. यात वीज आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि चिपमध्ये भरलेला प्रोग्रामही आहे. तो डबा उन्हात तापून बंद पडणार नाही, स्वस्तात बनेल, दुरुस्त होईल, यावर काम करणं म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. एम.टेक.ला हा स्वतंत्र विषय आहे.

असेच बाकीचे विषय. पॉवर सिस्टीम म्हणजे उपकेंद्र, वाहिन्या, ग्रिड. कंट्रोल सिस्टीम, कम्युनिकेशन, चिप डिझाईन म्हणजे व्हीएलएसआय, आणि कॉम्प्युटरकडे अल्गोरिदम, मशीन लर्निंग वगैरे. बी.ई.ला सगळ्याची थोडी-थोडी चव मिळते. मास्टर्सला यातलं एक धरून खोल जायचं असतं, आणि दुसरं वर्ष जवळजवळ सगळं प्रबंधात म्हणजे प्रोजेक्टमध्ये जातं. ज्याला कुठला विषय आवडतो हेच ठरवता येत नाही, त्यानं एखादं वर्ष नोकरी करून मग ठरवलं तरी बिघडत नाही. गेटचा निकाल तीन वर्षं चालतो.

गेट म्हणजे काय, आणि ती का द्यायची

भारतात एम.टेक.चा मुख्य दरवाजा गेट हाच. बंगळुरूचं आयआयएससी आणि सात जुन्या आयआयटी आळीपाळीनं ही परीक्षा घेतात. परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. अर्ज मात्र आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटतात. म्हणजे इकडे मूग-उडीद काढायची घाई चालू असते तेव्हा. बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थीसुद्धा देऊ शकतो. २०२६ च्या परीक्षेला फी २,००० रुपये होती. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना निम्मी, १,००० रुपये.

पेपर तीन तासांचा, संगणकावर, ६५ प्रश्न आणि १०० गुण. त्यातले १५ गुण सर्वसाधारण आकलनाचे म्हणजे इंग्रजी, आकडेमोड, तर्क. इलेक्ट्रिकलच्या पेपरात गणिताला साधारण १३ गुण, उरलेले विषयाचे. एकच उत्तर बरोबर असलेला पर्यायी प्रश्न चुकला तर गुण कापतात, एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्याला दोन तृतीयांश. पण जिथं आकडा टाइप करायचा असतो किंवा एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, तिथं चुकलं तरी काही कापत नाहीत. असे प्रश्न कोरे सोडून येणारी पोरं मला भेटली आहेत, वाईट वाटतं. दुसरं, आपला कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. पडद्यावरचा माऊसनं चालवायचा. त्याचा सराव घरी केला नाही तर परीक्षेत निम्मा वेळ त्यातच जातो.

क्लास लावायलाच पाहिजे असं नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, त्यांनी गेटसाठी वेगळं पोर्टलही केलंय. जुन्या प्रश्नपत्रिका गेटच्या साइटवर मिळतात. ज्याचं गणित आणि सर्किटचं पायाभूत पक्कं आहे, त्याला रोजचे चार-पाच तास आणि आठ-नऊ महिने पुष्कळ होतात असं पास झालेली पोरं सांगतात. घरी रेंज नसेल तर तालुक्याच्या अभ्यासिकेत व्हिडिओ उतरवून घ्यायचे.

आता पैशाचं. गेट पात्र होऊन एआयसीटीईची मान्यता असलेल्या कॉलेजात पूर्णवेळ एम.ई. किंवा एम.टेक.ला प्रवेश घेतला, तर महिन्याला १२,४०० रुपये शिष्यवृत्ती, कमाल २४ महिने. हिशोब करा, २ लाख ९७ हजार ६०० रुपये होतात. आयआयटी-एनआयटीतही एम.टेक.वाल्यांना एवढाच महिना मिळतो, त्याबदल्यात बी.टेक.च्या पोरांचे प्रयोग घेणं, पेपर तपासायला मदत करणं असं आठवड्याला आठ-एक तास काम असतं. यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की यासाठी देशात पहिला नंबर लागत नाही. आयआयटीला मोठा स्कोअर लागतो हे खरं, पण नुसती पात्रता मिळवून राज्यातल्या चांगल्या सरकारी कॉलेजात जागा मिळाली तरी शिष्यवृत्ती तीच. आमच्या पुतण्यानं पात्रतेपुरते गुण आणले असते तरी चाललं असतं.

शिष्यवृत्ती थेट बँक खात्यात येते. खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावानं साधं बचत खातं पाहिजे आणि आधारला जोडलेलं पाहिजे. वडिलांसोबतचं संयुक्त खातं किंवा व्यवहारावर मर्यादा असलेलं शून्य शिलकीचं खातं दिलं की पैसे अडकतात. पहिला हप्ता यायला कधी-कधी चार-पाच महिने लागतात, तोवरचा मेसचा खर्च हाताशी ठेवा.

प्रवेश तीन वाटांनी

आयआयटी आणि आयआयएससीत जायचं तर प्रत्येक संस्थेच्या साइटवर वेगळा अर्ज करावा लागतो. जागा मिळाल्याचा निरोप मात्र कोॲप नावाच्या एकाच पोर्टलवर दिसतो. गंमत इथंच होते. निरोप आला की तीन पर्याय असतात. ही जागा पक्की, आता पुढं काही नको. दुसरा, ही राहू द्या पण पुढच्या फेरीत अजून बरी मिळते का बघतो. तिसरा, ही नको. पहिला पर्याय दाबला की त्या वर्षाचा खेळ संपला, नंतर मुंबईची जागा आली असती तरी मिळत नाही. आणि मुदतीत काहीच दाबलं नाही तर आलेली जागा हातची जाते. फेऱ्या चालू असताना पोराला शेतात मोबाईल बंद ठेवून कामाला लावू नका. काही विभाग मुलाखत किंवा लेखी चाचणीही घेतात, खास करून संशोधनाच्या एम.एस. किंवा एम.टेक.साठी.

एनआयटी आणि बऱ्याच ट्रिपल आयटी यांच्यासाठी सीसीएमटी नावाची एकत्र प्रक्रिया असते. आपल्या राज्यात नागपूरची व्हीएनआयटी त्यात येते. तिथं इलेक्ट्रिकलमध्ये पॉवर सिस्टीम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राईव्ह्ज असे एम.टेक. आहेत.

तिसरी वाट राज्याच्या सीईटी सेलची. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस, कराड, अमरावती, संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं या वाटेनं. इथं आधी गेटवाल्यांना जागा देतात, मग उरलेल्या जागा बी.ई.च्या गुणांवर. म्हणजे गेट नसली तरी प्रवेश मिळू शकतो, शिष्यवृत्ती नाही. खाजगी कॉलेजांचे फोन याच उरलेल्या जागांसाठी येतात. फोन आला तर तीन प्रश्न विचारा: मागच्या वर्षी या शाखेत एम.टेक.ला किती पोरं होती, मार्गदर्शक प्राध्यापकाची पीएच.डी. झालीय का, आणि गेल्या बॅचमधलं कोण कुठं लागलं. उत्तर गोल-गोल आलं की समजून घ्या.

दाखल्यांचा घोळ

हा भाग आपल्या लोकांना सगळ्यात जास्त नडतो, म्हणून जरा सविस्तर.

आयआयटी-एनआयटी केंद्राच्या संस्था. तिथं राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही. ओबीसीचा नॉन-क्रीमिलेअर केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि तो साधारणपणे त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला मागतात. तहसीलला अर्ज टाकला की कधी आठ दिवसांत होतो, कधी महिना लागतो, आणि प्रवेशाच्या फेऱ्या मे-जूनमध्येच चालू होतात. म्हणून मार्चमध्येच कागद गोळा करून ठेवा आणि १ एप्रिल उलटताच अर्ज टाका. जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का हेही बघून घ्या, राज्याची यादी आणि केंद्राची यादी एक नाही. राज्यानं दिलेलं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या संस्थांत नाही.

ईडब्ल्यूएसचं त्याहून अवघड. लोकांना वाटतं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की झालं. केंद्राच्या नियमात आणखी अट आहे: कुटुंबाच्या नावावर पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर ईडब्ल्यूएस मिळत नाही, उत्पन्न कितीही कमी असो. मग ती जमीन बागायती असो की माळरान. सहा एकर मुरमाड जमीन आणि वर्षाला लाखभर उत्पन्न असलेला शेतकरी यातून बाहेर, आणि जमीन नसलेला सात लाख पगाराचा माणूस आत. हा नियम मला पटत नाही, पण नियम आहे. खोटा दाखला काढून प्रवेश घेतला तर तो नंतर रद्द होऊ शकतो, त्या फंदात पडू नका.

परदेशात जायचं तर

अमेरिकेतलं एम.एस. बहुतेक दीड ते दोन वर्षांचं, साधारण ३० क्रेडिटचं. बी.ई.चे गुण, इंग्रजीची टोफेल किंवा आयईएलटीएस, काही ठिकाणी जीआरई, प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि आपण का शिकतो याचं लेखी निवेदन एवढं लागतं. हे सगळं पोरगं स्वतः घरी बसून भरू शकतं. शहरात यासाठी मोठी फी घेणारी सल्ला केंद्रं आहेत, काही चांगली काम करतात. पण "व्हिसाची गॅरंटी" म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा, व्हिसा वकिलातीचा अधिकारी देतो.

प्रवेश मिळाला की विद्यापीठ आय-२० नावाचा कागद पाठवतं. त्यावर वर्षाचा फी आणि राहण्याचा खर्च डॉलरमध्ये लिहिलेला असतो आणि तेवढे पैसे किंवा मंजूर कर्ज दाखवावं लागतं. समजा त्यावर ५० हजार डॉलर लिहिलंय आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर एका वर्षाचे साडेबेचाळीस लाख होतात. शिकताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, त्यात जेवणखाण निघेल, फी नाही. डिग्रीनंतर एक वर्ष आणि इंजिनिअरिंगवाल्यांना वर दोन वर्षं, असं तीन वर्षं तिथं नोकरी करायची मुभा असते. पुढं राहायचं तर एच-१बी व्हिसा, ज्याच्या वर्षाला ८५ हजार जागा आहेत आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. तिथं शिकून तिथंच व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा नंतर आला. पण कर्ज दहा वर्षांचं आणि नियम दर वर्षाला बदलणारे, हे डोक्यात ठेवूनच पाऊल टाका.

जर्मनीचं गणित वेगळं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, सहा महिन्यांचं किरकोळ शुल्क असतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४-२५ पासून चांगली मोठी फी लावली आहे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. भारतीयांना दिल्लीच्या एपीएस कार्यालयाकडून कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात, त्याला वेळ लागतो, सगळ्यात आधी तेच करा. शिक्षण इंग्रजीत मिळतं, पण नोकरी शोधायला डिग्रीनंतर जे १८ महिने मिळतात त्यात जर्मन भाषा येणाऱ्याचं काम लवकर होतं.

सातबाऱ्यावर शिक्षणाचं कर्ज मिळतं का?

मला सगळ्यात जास्त लोक हेच विचारतात. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या ठरलेल्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत दुसऱ्याची हमी, आणि त्याच्यावर घर, प्लॉट, ठेव असं काहीतरी तारण द्यावं लागतं. शेतजमीन तारण म्हणून बँका बहुधा घेत नाहीत. कारण असं की कर्ज बुडालं तर कोर्टात न जाता मालमत्ता ताब्यात घ्यायचा जो सरफेसी कायदा बँकांच्या हातात आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. दहा एकर जमीन असून पोराला कर्ज मिळालं नाही म्हणून लोक मॅनेजरवर चिडतात, पण कारण हे आहे. मग तारण म्हणून काय जातं? गावातलं किंवा तालुक्यातलं राहतं घर, मामाचा प्लॉट. आणि काही जण तर जमीनच विकतात.

४० लाख कर्ज, १० टक्के व्याज आणि १० वर्षं फेड धरली तर हप्ता महिन्याला ५३ हजारांच्या आसपास बसतो. शिकत असतानाचं व्याज वेगळं चढत असतं. तिकडं नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. परत यावं लागलं आणि इथं सुरुवातीच्या पगारावर नोकरी मिळाली, तर अख्खा पगार हप्त्यातच जातो आणि जामीन राहिलेला बाप घर सोडवत बसतो. पोराशी हे बोलताना लाजू नका. कागदावर दोन आकडे लिहा, नोकरी लागली तर काय आणि नाही लागली तर काय, आणि दुसरा आकडा घराला झेपतो का ते बघा.

देशातल्या चांगल्या संस्थांसाठी केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना २०२४ च्या नोव्हेंबरपासून आहे. यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल तर विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असेपर्यंत व्याजात तीन टक्के सवलत. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरच. परदेशासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तिच्यात विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असणं ही मोठी अट. ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी आणि सारथीमार्फत मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीही वेगळ्या योजना आहेत. जाहिरात निघाल्यावर मुदत थोडीच असते, म्हणून प्रवेशपत्र हाती असतानाच समाजकल्याणच्या आणि सारथीच्या साइटवर आठवड्यातून एकदा नजर टाकत जा.

नोकरीचं थोडक्यात

एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या सरकारी कंपन्यांनी इंजिनिअरच्या भरतीला गेटचा स्कोअर वापरलाय, आणि त्याला बी.ई. पुरते. म्हणजे एकाच परीक्षेत दोन दरवाजे. महावितरण, महापारेषणची भरती मात्र त्यांच्या स्वतःच्या परीक्षेनं होते. इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम.टेक. लागतंच. चिप डिझाईन आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये कंपन्या बऱ्याचदा एम.टेक.वाला मागतात. साध्या सॉफ्टवेअर नोकरीला त्याची गरज नाही, तिथं दोन वर्षांचा अनुभव जास्त चालतो.

पुतण्यानं यंदा परत गेटचा अर्ज भरलाय, या वेळी सरकारी कंपनीसाठी. मी शेजारी बसून भरून घेतला. नाव दहावीच्या सनदेवर जसं आहे अगदी तसंच टाकलं, फोटोची पार्श्वभूमी पांढरी घेतली, आणि पैसे कापले गेल्यावर पावती उतरवून घेतली. मागच्या वेळी गावात लाईट गेली होती तेव्हा एकाचे पैसे गेले आणि अर्ज अर्धाच राहिला, म्हणून शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधीच भरून मोकळे झालो.